दिव्याखालचा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कालिदासाला संस्कृतच्या पंडितांनी ‘दीपशिखा’ हे टोपणनाव दिले ते एका उपमेसाठी. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात विदर्भाची राजकन्या इंदुमती स्वयंवरमंडपात माळ घेऊन एकेका राजासमोरून पुढे जाते. ज्याला ओलांडून ती जाते त्याचे तोंड काळवंडते. रात्री राजरस्त्याने दिवा नेला म्हणजे दुतर्फा वाडे क्षणभर उजळतात आणि मागे पडतात तसे बुडून जातात, तशी कवीला ती दिसली. बी.ए.च्या वर्गात ही उपमा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तिच्या सौंदर्यापेक्षा एक खेडवळ शंका जास्त सतावू लागली. दिवा काही आपल्या पायांनी चालत नाही. रात्रीच्या त्या रस्त्यावर तो कोणाच्या तरी हातात असणार. त्या हाताबद्दल कालिदास काहीच बोलत नाही. आज मी त्या हातांबद्दल आणि त्यांनी धरलेल्या, टांगलेल्या, पुसलेल्या दिव्यांबद्दल बोलणार आहे.

इंदुमतीचे माहेर म्हणजे विदर्भाची राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी जे कौंडण्यपूर आहे ते हेच, असे अभ्यासक मानतात आणि गावकरी तर मानतातच. रुक्मिणीही इथलीच. नदीच्या पलीकडे आर्वीचा मुलूख, अलीकडे विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर, घाट आणि पांढरीची टेकाडे. आषाढीला रुक्मिणीची पालखी इथून निघते आणि सगळा महाराष्ट्र आडवा कापून पंढरपूरला जाते. ही प्रथा १५९४ सालापासूनची सांगतात. कार्तिकात इथे यात्रा भरते.

या टेकाडांचे उत्खनन १९६०च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी केले. त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, मुंबई विद्यापीठाने याच दीक्षितांचा दुसरा ग्रंथ छापला. तो होता भारतीय काचेच्या इतिहासावर. जुने मणी, बांगड्यांचे तुकडे, काचेचे खडे यांत या माणसाने हयात घालवली. कौंडण्यपूर ज्याने खणले त्यानेच आपल्याला आपल्या काचेची कुळकथा सांगितली, ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. दिव्याच्या इतिहासात काच कशी शिरली ते पुढे येईल, तेव्हा दीक्षितांचे नाव लक्षात असू द्या.

रुक्मिणीची पालखी जिथे जाते त्या पंढरपुरात विठ्ठलाच्या सेवेला बडव्यांखेरीज सात सेवाधारी घराणी होती. पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे. दिवटे यांचे काम नावातच आहे. देवाच्या नित्योपचारांत दिवटी धरून उभे राहायचे. म्हणजे दिवा धरणे हा तिथे मान होता, हक्क होता, त्याला उत्पन्न होते आणि त्यावरून आडनाव पडले. हे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने संपवले आणि त्यावरची कोर्टबाजी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपली. कायदा योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. दिवा धरणाऱ्या हाताची नोंद ठेवण्याइतके महत्त्व आपल्याकडे एका ठिकाणी तरी होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता दिव्याकडे वळू. घरात किंवा दुकानात दिवा ज्यात बसवतात त्याला आज आपण ‘फिटिंग’ म्हणतो. अमरावती-अकोल्याचा कोणताही वायरमन हाच शब्द वापरतो. जुन्या मराठीत या सगळ्याला मिळून एक शब्द नव्हता, कारण प्रत्येक तऱ्हेला स्वतःचे नाव होते. समई, ठाणवई, लामणदिवा, हंडी, झुंबर, शमादान, फानूस, कंदील, चिमणी, दिवटी, हिलाल. घरातली सर्वांत जुनी फिटिंग मात्र धातूची नव्हेच. ती भिंतीतली देवळी. मातीच्या भिंतीत वीतभर कोनाडा ठेवायचा आणि त्यात पणती. वारा लागत नाही, पोरांचा हात पोहोचत नाही, आणि मागच्या पांढऱ्या मातीवरून उजेड परतून खोलीत येतो. आजचा डिझायनर ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो आमच्या आज्यांनी पोतेऱ्याने सारवून तयार केला होता. वर काजळी धरते, ती बोटावर घेतली की पोराच्या डोळ्यात घालायला काजळही तयार.

पण देवळीतला दिवा अर्ध्याच खोलीला मिळतो. म्हणून दिवा खोलीच्या मध्ये आणायचा तर एक तर उंच दांड्यावर ठेवा, ती झाली समई, किंवा साखळीने टांगा, तो लामणदिवा. इथे दिवे घडवणाऱ्यांची खरी अडचण सुरू होते, आणि ती आपण म्हणीत घालून ठेवली आहे. दिव्याखाली अंधार. आपण ही म्हण मोठ्या माणसांच्या घरातल्या भानगडींसाठी वापरतो, पण ती मुळात तांबटाची तक्रार असावी असे मला वाटते. वात जळते ती तेलाच्या काठावर. तेल ठेवायला वाटी हवी, वाटीला बूड हवे, आणि बुडाची सावली नेमकी खाली पडते. दिवा जितका मोठा तितके तेल जास्त, आणि तेल जितके जास्त तितकी ही सावली मोठी. दोन हजार वर्षे दिव्याचा जो जो नवा आकार झाला, तो या सावलीशी कसा तरी समझोता करण्यासाठी झाला.

तांबटांनी केलेला समझोता सुंदर होता. सावली घालवता येत नाही, तर ती पाहण्यासारखी तरी करावी. त्यांनी साखळीच्या कड्यांत मोर घातले, हत्ती घातले, नाचणाऱ्या बाया घातल्या. हत्तीच्या पोटात तेलाचा साठा ठेवून वाटीतले तेल उतरेल तसे ते आपोआप झिरपावे अशीही रचना केली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अशा दिव्यांपुढे माणूस तासभर उभा राहू शकतो. ते संग्रहालय उभारणारे दिनकर केळकर स्वतः कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. त्यांनी गावोगाव हिंडून अडगळीतले दिवे उचलून आणले आणि १९६१ साली भारतातल्या दिव्यांवर पुस्तकही केले. कवीने दिवे गोळा करावेत यात मला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की ते त्याला भंगाराच्या भावाने मिळत होते.

सावलीवरचा दुसरा तोडगा काचेचा. हंडी आता बहुतेकांना शोभेची वस्तू म्हणून माहीत आहे, पण तिच्या पोटातली युक्ती साधी आणि फार हुशार आहे. काचेच्या भांड्यात पाणी भरायचे, त्यावर तेलाचा थर, आणि तेलावर तरंगती वात. ज्योत वर, पण तिचा उजेड तेलातून, पाण्यातून, काचेतून गाळून खाली उतरतो. बुडाची सावली जवळजवळ गेली. तेल संपत आले की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते, म्हणजे आगीचे भयही कमी. ही युक्ती पश्चिम आशियात फार जुनी. चौदाव्या शतकात कैरोच्या मशिदींसाठी मीनाकाम केलेले काचेचे टांगते दिवे घडले आणि त्यांच्या गळ्यावर कुराणातल्या सूरह नूरमधली दिव्याची आयत लिहिली जाई. त्या आयतीत कोनाडा आहे, कोनाड्यात दिवा आहे आणि दिव्याभोवती काच आहे. मला लहानपणी तिचा अर्थ सांगितला गेला तेव्हा डोळ्यांपुढे घरातली देवळीच आली होती. दुसरा कोनाडा मी पाहिलाच कुठे होता!

या वस्तूंबरोबर शब्दही आले. कंदील अरबीतून आला, अरबीत तो ग्रीक-लॅटिनकडून गेला होता, आणि इंग्रजांचा कँडल त्याच लॅटिन शब्दाचा नातू. फानूसही ग्रीकांकडून अरबांमार्गे. मशाल अरबी, शमादान अरबी-फारसी, दिवा आणि दिवटी संस्कृताच्या घरातले. आता सांगा, दिवाळीला दारावर आकाशकंदील लावणाऱ्या बाईने यातला कोणता अर्धा शब्द काढून ठेवायचा? हंडीही तशीच. ती देवळाच्या सभामंडपात टांगलेली आहे, दर्ग्याच्या घुमटाखाली आहे आणि सावकाराच्या दिवाणखान्यात आहे. एकाच व्यापाऱ्याच्या पेटीतून ती तिन्हीकडे गेली असेल.

व्यापाऱ्याची पेटी म्हटले की कापूस आला. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इथल्या काळ्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले. मागोमाग रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७च्या सुमारास नागपूरला पोहोचली. गाडीने कापसाच्या गाठी मुंबईला गेल्या आणि परत येताना विलायती माल आला, त्यात बेल्जियमची, बोहेमियाची, इंग्लंडची काच. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर १८४०च्या दशकातच कलकत्त्याला दुकान थाटले होते. लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनात सत्तावीस फूट उंच काचेचे कारंजे उभे करणारी हीच कंपनी. हिंदुस्थानातली गिऱ्हाइके तिला वेगळे आकार करायला लावीत. त्याचे कारण नुसती हौस नव्हे. इथे छताला पंखा झुलत असे, कोणीतरी बाहेर बसून त्याची दोरी ओढी, आणि त्या वाऱ्याने मेणबत्ती विझे. म्हणून प्रत्येक ज्योतीवर काचेची उंच टोपी आली. एका नोकराने ओढलेल्या पंख्याने विझू नये असा दिवा, आणि तो लावायला दुसरा नोकर.

झुंबराच्या थाटाची आपल्या मराठी माणसांतली परिसीमा ग्वाल्हेरला आहे. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली जयविलास महाल बांधला. त्याच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरे कित्येक टनांची आहेत. छत एवढे वजन पेलेल की नाही हे पाहायला आधी त्यावर हत्ती चढवले, असे सांगतात. हत्तींची गोष्ट सगळे गाइड सांगतात. शंभरावर दिवे रोज कोण पुसत असे ते एकही गाइड सांगत नाही.

आमच्या वऱ्हाडातल्या वाड्यांत इतका थाट नव्हता. माळवदाच्या तुळईला लोखंडी कडी, कडीला दोर, दोर खाली सोडला की हंडी माणसाच्या छातीपर्यंत येई. दिवेलागणीला तेल घालायचे, काच राखेने पुसायची, पुन्हा वर ओढायची. या वाड्यांतल्या हंड्या पुढे एकेक करून विकल्या गेल्या. वाटण्या झाल्या, कूळकायदा झाला, जुन्या सामानाचे व्यापारी दारोदार फिरले. आता त्यांतल्या कित्येक मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत बल्ब घालून टांगल्या आहेत. पडक्या वाड्यात मान वर करून पाहिले तर तुळईला कडी अजून दिसते.

रॉकेल आले आणि दिवा गरिबाच्या घरात शिरला. पण त्याला काच हवी, आणि काच जर्मनीची. स्वदेशीच्या दिवसांत हीच गोष्ट बोचली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा पैसा मागून जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, आपला कारखाना सुरू केला, आणि पुढे वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील काढला. त्या गावाचे नावच ओगलेवाडी पडले. प्रभाकर कंदील हा मला मराठी माणसाने केलेल्या दिव्यांत सर्वांत देखणा वाटतो. त्यात एकही नक्षी नाही. वाऱ्यात विझत नाही, बैलगाडीच्या जूखाली टांगता येतो, काच वर उचलायला एक तरफ आहे, आणि मुठीचा कडा असा की रात्रभर धरला तरी हाताला भाजत नाही. धरणाऱ्याचा विचार करून आखलेला दिवा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. अभ्यासाला बसणाऱ्या पोराला मात्र टाकीची सावली अजूनही वहीवर घ्यावीच लागे.

मग गॅसबत्ती. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ साली जाळीच्या मॅन्टलचा शोध लावला. थोरियमचा लेप दिलेली ती जाळी एकदा जळून राख झाली की पांढरीशुभ्र पेटते. ते थोरियम ज्या वाळूत मिळते ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ साली सापडली आणि तिकडून जर्मनीला जाऊ लागली. आपलीच वाळू मॅन्टल होऊन परत आपल्याकडे आली म्हणा. बर्लिनच्या कारखान्यातली पेट्रोमॅक्स इतकी पसरली की खेड्यात कोणत्याही कंपनीची बत्ती पेट्रोमॅक्सच झाली.

वऱ्हाडात या बत्तीशिवाय वरात नव्हती, उरुसाचा संदलही नव्हता. बत्ती डोक्यावर घ्यायची. डोक्याला चुंबळ, चुंबळीवर लाकडी फळी, फळीवर बत्ती. मॅन्टल म्हणजे राखच, धक्का लागला की झडते, म्हणून डोके हलू द्यायचे नाही. वर ताशा वाजतो, पुढे पोरे नाचतात, आणि हा माणूस किंवा ही बाई मान ताठ ठेवून, खड्डा पायाने चाचपत चालते. बत्तीची टाकी ज्योतीच्या खाली असते. तिची आणि फळीची सावली सरळ खाली पडते, म्हणजे धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि छातीवर. त्या काळातले लग्नाचे फोटो कोणाच्या घरी असतील तर काढून बघा. नवरदेव घोड्यावर लख्ख, मामा लख्ख, बँडवाल्याची पितळी बटणेही चमकतात. दोन्ही कडेला बत्तीवाल्यांच्या जागी अंधाराचे दोन खांब. म्हण इतकी तंतोतंत खरी झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

विजेने या कोड्याचा निकाल लावला. बल्बला तेल लागत नाही, म्हणून टाकी नाही, म्हणून तो उलटा टांगता येतो. दिव्याखाली पहिल्यांदाच उजेड पडला. पण दिवे घडवणाऱ्याचे काम संपले नाही, ते उलट झाले. आता उजेड इतका प्रखर की डोळ्यात खुपतो, म्हणून सावली मुद्दाम करावी लागते. डेन्मार्कच्या पाउल हेनिंगसेनने १९२६च्या सुमारास तीन वाट्या एकीखाली एक अशा रचल्या की कुठूनही पाहिले तरी बल्ब दिसू नये आणि उजेड तेवढा मऊ होऊन उतरावा. तो रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात वाढला होता आणि तोच मऊपणा त्याला विजेत परत हवा होता. आपल्याकडे त्याचे अनुकरण फार उशिरा आले. चाळीस-पन्नास वर्षे आपण भिंतीवर ट्यूबलाइट ठोकली आणि तिच्याखाली कॅलेंडर लावले.

आज अमरावतीत किंवा अकोल्यात नवे घर बांधणारा पीओपीचे छत करतो, त्याच्या खाचेत एलईडीची पट्टी लपवतो, जेवणाच्या टेबलावर तीन टांगते दिवे सोडतो. दिवा दिसतच नाही, नुसता उजेड दिसतो. दुकानांचे गणित वेगळे. सराफ सोन्यावर पिवळा उजेड टाकतो, चांदीवर पांढरा. साडीच्या दुकानात सगळ्यात जास्त दिवे असतात, तरी आमच्या बाया पदर घेऊन रस्त्यावर येतात आणि उन्हात रंग बघतात. त्यांचे बरोबर आहे. स्वस्त एलईडीत काही रंग मरतात, जांभळा निळ्याकडे सरकतो, लाल मळकट होतो. उजेड किती आहे यापेक्षा तो रंग किती खरा दाखवतो हे पाहायचे असते. डिझायनरकडे त्यासाठी मोजमापाचा आकडा असतो. बाईकडे ऊन असते.

या नव्या फिटिंगबद्दल माझी एक तक्रार आहे. पूर्वी ज्योत रोज मरायची आणि समई तीन पिढ्या जगायची. आता पुष्कळशा दिव्यांत एलईडी फिटिंगमध्येच कायमचा बसवलेला असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, छताच्या वरची हवा तापते आणि आधी ड्रायव्हर जातो. दिवा ठीक, पण बदलायची सोय नाही, म्हणून सगळी वस्तू कचऱ्यात. वायरमन सांगतो, नवी घ्या, दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल. समईचा मळ चिंचेने काढणाऱ्या घरात हे वाक्य कसे ऐकले जात असेल ते सांगायला नको.

वरातीतही एलईडी आली. मधल्या काळात डोक्यावर काचेच्या लोलकांचे विजेचे झुंबर असे. सगळ्यांच्या झुंबरांना एकच वायर, आणि वायरच्या टोकाला हातगाडीवर जनरेटर. एकजण थांबला की सगळ्यांनी थांबायचे, नाहीतर वायर ताणते. आता बॅटरीवर चालणाऱ्या रंगीत छत्र्या आणि खांब निघाले आहेत. ते हलके आहेत, तापत नाहीत, आणि त्यांना टाकी नाही, त्यामुळे सावलीही पडत नाही. आज वरातीत दिवा धरणाऱ्या बाईचा चेहरा स्पष्ट दिसतो. पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल, कधी पाठीशी पाच-सहा वर्षांचे पोर चालत असते. बहुतेक जणी कापूस वेचणीच्या हंगामात शेतात असतात आणि लग्नसराईत रात्रीच्या हिशेबाने दिवे धरतात. पंढरपूरच्या दिवट्यांना मिळाले तसे आडनाव यांना मिळालेले नाही, आणि व्हिडिओवाला अजूनही कॅमेरा त्यांना चुकवून नवरदेवावर नेतो.